ऑइल सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढावं का?

"सील फेकायचंच आहे, मग स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटा," हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ऑइल सील म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याभोवती (शाफ्टभोवती) बसणारं, तेल गळू न देणारं पत्रा-रबराचं कडं. ते फेकायचंच असतं, हे खरं. पण शाफ्ट आणि सील बसायची खाच तीच राहणार असते.

शाफ्ट फिरताना सीलची रबरी कड त्याच्या गुळगुळीत भागावर घासत राहते आणि तेल अडवते. तिथे ओरखडा पडला, की नवं सीलही गळतं. खाचेवर चरा पडला तर तेल सीलच्या बाहेरच्या अंगाने झिरपतं. मग दोष नव्या सीलला दिला जातो.

आधी सील किती आत बसलंय ते मोजून ठेवा. त्याच्या समोरच्या बाजूवर, रबराखालच्या पत्र्यात, समोरासमोर 2 ते 3 मिमीची दोन भोकं पाडा. ड्रिल बिटला टोकाजवळ टेप गुंडाळा, म्हणजे ते खोल जाऊन मागच्या बेअरिंगला लागणार नाही. टोकाला ग्रीस लावा, कीस त्याला चिकटतो. भोकांत पत्र्याचे स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पकडीने आलटून पालटून ओढा. एकाच बाजूने ओढलं तर सील तिरकं होऊन अडकतं. राहिलेला कीस पुसून घ्या.

आता शाफ्ट पुसून त्यावरून लांबीच्या दिशेने नख फिरवा. नख अडकलं, तर नुसतं सील बदलून भागणार नाही. रिपेअर स्लीव्ह, म्हणजे शाफ्टच्या खराब भागावर चढवायची पातळ धातूची नळी, लागेल. नख सरकलं, तर नव्या सीलच्या कडेला तेल लावा, कडेभोवतीची गोल स्प्रिंग दिसते ती बाजू तेलाकडे ठेवा आणि मोजलेल्या खोलीपर्यंत सरळ बसवा.