इलेक्ट्रॉनिक चोरीरोधक टॅग यंत्रणा

दुकानातील माल पैसे न भरता दाराबाहेर जाऊ लागल्यास इशारा देणारी यंत्रणा. व्यवहारात तिला ईएएस (इलेक्ट्रॉनिक आर्टिकल सर्व्हेलन्स) म्हणतात. मालावरचा टॅग किंवा लेबल, दाराशी उभे केलेले अँटेनाचे खांब आणि बिलिंग काउंटरवर टॅग सोडवण्याचे वा लेबल निकामी करण्याचे साधन, असे तिचे तीन भाग. 1960च्या दशकात अमेरिकेत तिचा व्यापारी वापर सुरू झाला. आर्थर मिनासी आणि रोनाल्ड असाफ हे तिचे आद्य प्रवर्तक.

दुकानांत मुख्यतः दोन प्रकार दिसतात. आरएफ, म्हणजेच रेडिओ लहरींचा प्रकार 8.2 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्याच्या कागदी लेबलात धातूच्या पातळ पत्र्याचे वेटोळे आणि धारित्र (कपॅसिटर) असते. लेबल स्वस्त पडते, पण डबाबंद माल किंवा चकचकीत फॉइलच्या पाकिटावर चिकटवले की त्याची वारंवारता सरकते आणि ते दाराला दिसत नाही. दुसरा प्रकार अकूस्टो-मॅग्नेटिक, म्हणजेच एएम. तो 58 किलोहर्ट्झवर चालतो.

एएम लेबलाच्या प्लॅस्टिकच्या कवचात सुमारे पावणेचार सेंटिमीटर लांबीची, विशिष्ट मिश्रधातूची पातळ पट्टी मोकळी ठेवलेली असते आणि तिच्या शेजारी एक चुंबकीय पट्टी असते. खांब 58 किलोहर्ट्झचा अल्पसा स्पंद सोडून गप्प होतो. स्पंद थांबला तरी पट्टी क्षणभर थरथरत राहते, आणि त्या शांततेत खांब तिचा प्रतिसाद ऐकतो. काउंटरवरचे साधन चुंबकीय पट्टीचे चुंबकत्व घालवते. मग पट्टीचा सूर 58 वरून ढळतो आणि दार तिची दखल घेत नाही.

ऐकण्याच्या या पद्धतीमुळेच जुळणी नाजूक ठरते. यंत्रणा बसवताना पहिला मोह संवेदनशीलता वाढवण्याचा होतो, आणि तो हमखास अंगाशी येतो, कारण लेबलाच्या प्रतिसादासोबत गोंगाटही, म्हणजे आजूबाजूच्या उपकरणांचे विद्युत अडथळेही तितकेच वाढतात. म्हणून आधी प्रक्षेपण बंद ठेवून नुसता गोंगाट मोजावा. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, यूपीएस, चमकत्या पाट्या, संगणकांचे पॉवर सप्लाय एकेक करून बंद-चालू केले की दोषी उपकरण सापडते. ते हलवणे किंवा बदलणे हाच खरा इलाज. लोखंडी शटर आणि स्टीलची चौकट खांबांचे चुंबकीय क्षेत्र वाकवतात, त्यामुळे खांब त्यांना खेटून उभे करू नयेत.

त्यानंतर वेळ जुळवावी लागते. एएम खांब स्पंद सोडण्याची आणि ऐकण्याची आपली घडी विजेच्या 50 हर्ट्झ प्रवाहावरून लावतात. शेजारच्या गाळ्यातही तशीच यंत्रणा असेल आणि तिचा स्पंद आपल्या ऐकण्याच्या वेळेत पडत असेल, तर खोटे इशारे येतात किंवा खरे लेबल निसटते. मॉलमध्ये दोन गाळे विजेच्या वेगवेगळ्या फेजवर असू शकतात, आणि मग त्यांच्या घड्या आपोआप जुळत नाहीत. वीज गेल्यावर एक जनरेटरवर आणि दुसरा इन्व्हर्टरवर गेला, तर सकाळी नीट लावलेली घडी दुपारी बिघडू शकते. त्यामुळे तपासणी नेहमीच्या विजेवर आणि पर्यायी पुरवठ्यावर, अशी दोन्हींवर करायला हवी.

संवेदनशीलता ठरते ती शेवटी, चालून केलेल्या चाचणीने. लेबल हातात धरून दोन खांबांच्या मधोमध घोटा, कंबर आणि डोके या उंचीवर, आडवे, उभे आणि चालण्याच्या दिशेने असे तिन्ही प्रकारे न्यावे. पट्टीची लांबी चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत असली की प्रतिसाद सर्वांत जोरदार येतो. म्हणूनच खांबातील वरचे आणि खालचे वेटोळे आलटून पालटून क्षेत्राची दिशा बदलतात. दोन खांबांतील अंतर लेबलाच्या ताकदीनुसार ठरवावे. कपड्यांवरच्या मोठ्या टॅगला रुंद वाट चालते, चिकट लेबलाला नाही. टॅग लावलेला माल दारापासून दूरच मांडावा, नाहीतर हँगर नुसते हलले तरी भोंगा वाजतो.

खोट्या इशाऱ्यांचे नुकसान तांत्रिक बिघाडापेक्षा मोठे असते. सारखा भोंगा वाजू लागला की दारावरचा सुरक्षारक्षक मान वर करणेच सोडून देतो, आणि निर्दोष ग्राहकाला चारचौघांत पिशवी उघडावी लागते. दुसऱ्या दुकानात निकामी करायचे राहून गेलेले लेबल पर्समध्ये असले तरी भोंगा वाजतो. इशारा म्हणजे चोरीचा पुरावा नव्हे, हे कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवे.

पेसमेकर बसवलेल्यांनी खांबांमधून नेहमीच्या चालीने जावे, तिथे रेंगाळू नये वा टेकू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. दुकानदाराने त्यासाठी खांबांजवळ बाकडे, सवलतीच्या मालाचे टेबल किंवा बिलाची रांग येऊ देऊ नये.