ब्रॉडवेचा गाणारा नट, टीव्हीवरचा डिटेक्टिव्ह : जेरी ऑरबॅकची पार्श्वभूमी

१९९२च्या नोव्हेंबरात एनबीसी वाहिनीवरच्या ‘लॉ अँड ऑर्डर’ या मालिकेत लेनी ब्रिस्को नावाचा नवा डिटेक्टिव्ह रुजू झाला. वय पन्नाशीच्या पुढे, अंगात लांब कोट, चेहऱ्यावर वर्षानुवर्षांच्या रात्रपाळ्यांचा थकवा, आणि समोर प्रेत पडलेलं असतानाही तोंडात एखादं तिरकस वाक्य. पुढची जवळजवळ बारा वर्षं अमेरिकेतल्या घराघरांत या माणसाची ये-जा राहिली. त्याला टीव्हीवर पहिल्यांदा भेटलेल्या अनेकांच्या गावीही नव्हतं की हा जेरी ऑरबॅक त्याआधी पंचवीस वर्षं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर गात होता, नाचत होता, ब्रॉडवेवरच्या नाटकांना दिलं जाणारं टोनी पारितोषिक घेऊन बसला होता. ब्रिस्को इतका खरा का वाटायचा याचं कारण शोधायचं तर मालिकेच्या बरंच मागे जावं लागतं.

जेरीचा जन्म २० ऑक्टोबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सचा. वडील ज्यू, जर्मनीतून आलेल्या घराण्यातले. ते रेस्टॉरंट चालवायचे आणि वॉडव्हिल नावाच्या गाणं-नाच-विनोदाच्या खेळांत कामही केलेलं होतं. आई कॅथलिक, पोलिश-लिथुएनियन वंशाची, रेडिओवर गाणारी. म्हणजे गाणं घरातच होतं. वडिलांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड सारखं हलायचं: न्यूयॉर्कहून पेनसिल्व्हेनिया, तिथून मॅसॅच्युसेट्स, शेवटी इलिनॉयमधलं वॉकीगन. तिथल्या शाळेतून तो १९५२ साली बाहेर पडला. आधी इलिनॉय विद्यापीठ, मग नॉर्थवेस्टर्न असं नाट्यशिक्षण घेतलं, पण पदवी पुरी करायला थांबला नाही. १९५५मध्ये न्यूयॉर्क गाठलं आणि ली स्ट्रासबर्ग, हर्बर्ट बर्गहॉफ यांच्यासारख्या गुरूंकडे अभिनयाचे धडे गिरवू लागला.

पोटापाण्याचं पहिलं काम मिळालं ते ग्रीनिच व्हिलेजमधल्या थिएटर द लीस या छोट्या नाट्यगृहात. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचा ‘थ्रीपेनी ऑपेरा’ तिथे जोरात चालला होता. मराठी वाचकाला हे नाटक परकं नाही, पु. ल. देशपांड्यांनी त्याचाच ‘तीन पैशाचा तमाशा’ केला आणि थिएटर अकॅडमीने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली १९७८मध्ये तो रंगमंचावर आणला. जेरी त्या न्यूयॉर्कच्या प्रयोगात बदली नट म्हणून शिरला. पुढे रस्त्यावरच्या गायकाची भूमिका मिळाली आणि पुढे थेट मॅकहीथची, म्हणजे नाटकातल्या गुंड नायकाची. त्याला रंगमंचावर पहिली ओळख मिळाली ती अशी गल्लीतल्या माणसांच्या नाटकात. त्यातलं काहीतरी त्याच्या आवाजात, उभं राहण्याच्या ढबीत कायमचं मुरलं असं मला वाटतं.

मग आलं ३ मे १९६०. सुलिव्हन स्ट्रीट प्लेहाऊस हे दीडशेच्या आसपास खुर्च्यांचं थिएटर. ‘द फँटास्टिक्स’ नावाचं एक छोटंसं म्युझिकल. वाद्यं दोन, एक पियानो आणि एक हार्प. नेपथ्य म्हणजे एक चौथरा, एक पेटारा, एक पुठ्ठ्याचा चंद्र. टॉम जोन्सचे शब्द आणि हार्वी श्मिटचं संगीत. जेरी यात एल गायो झाला, एकाच वेळी दरोडेखोर आणि सूत्रधार. पडदा उघडल्यावर प्रेक्षकांशी थेट बोलायचं, ‘ट्राय टू रिमेंबर’ हे गाणं गायचं आणि त्यांना गोष्टीत नेऊन सोडायचं हे त्याचं काम. पहिल्या समीक्षा काही उत्साहाच्या नव्हत्या आणि नाटक सुरुवातीलाच गुंडाळलं जाईल अशी वेळ आली होती. ते गुंडाळलं गेलं नाही. १३ जानेवारी २००२ला शेवटचा पडदा पडला तेव्हा १७,१६२ प्रयोग झाले होते. जगात कुठलंही म्युझिकल सलग इतकं चाललेलं नाही.

जेरी स्वतः त्यात फार काळ राहिला नाही, कारण ब्रॉडवेचं, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीचं, बोलावणं आलं होतं. १९६१मध्ये गॉवर चॅम्पियन या नृत्यदिग्दर्शक-दिग्दर्शकाने त्याला ‘कार्निव्हल’मध्ये घेतलं. निर्माता डेव्हिड मेरिक. पायाने अधू झालेला, मनाने कडवट, बाहुल्यांच्या तोंडूनच प्रेम बोलू शकणारा बाहुलीवाला ही त्याची भूमिका. चॅम्पियन आणि मेरिक ही दोन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण वीस वर्षांनी ती पुन्हा त्याच्या आयुष्यात येतात.

१९६५मध्ये ‘गाइज अँड डॉल्स’च्या पुनरुज्जीवनासाठी टोनीचं नामांकन मिळालं. प्रत्यक्ष टोनी मिळालं १९६९मध्ये, ‘प्रॉमिसेस, प्रॉमिसेस’साठी. नील सायमनने लिहिलेलं, बर्ट बाखराखने संगीत दिलेलं हे नाटक मुळात ‘द अपार्टमेंट’ या चित्रपटावर बेतलेलं. वरिष्ठांच्या लफड्यांसाठी आपल्या घराची किल्ली देणारा एक साधा कारकून, चक बॅक्स्टर, हा त्याचा नायक. बाखराखचं संगीत गायला महाकठीण, मात्रा मध्येच बदलतात, श्वास घ्यायला जागा सापडत नाही. आणि नटाने ते असं गायचं की कारकून सहज बोलतोय असं वाटलं पाहिजे. जेरीचं मोठेपण इथेच होतं. त्याचा आवाज दमदार होता, पण तो गाण्यात कधी ‘आता मी गातोय’ असा पवित्रा घेत नसे. बोलणं आणि गाणं यांच्यामधला सांधा दिसायचाच नाही. पुढे टीव्हीवर त्याची वाक्यं इतकी चपखल पडायची, त्यामागे हीच तालाची समज होती.

१९७१च्या सुमारास त्याच्या आयुष्यात एक विचित्र प्रकरण घडलं. ‘द गँग दॅट कुडन्ट शूट स्ट्रेट’ या चित्रपटात त्याने ब्रुकलिनच्या जो गॅलो या खऱ्या गुंडावर बेतलेली भूमिका केली. तुरुंगातून सुटून आलेल्या गॅलोला या नटाला भेटायची उत्सुकता होती. भेट झाली, भेटीची मैत्री झाली, आणि १९७२मध्ये गॅलोचं लग्न जेरी आणि त्याची पहिली पत्नी मार्टा यांच्या घरात लागलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, ७ एप्रिल १९७२च्या पहाटे, लिटल इटलीतल्या एका खानावळीत गॅलोला गोळ्या घातल्या गेल्या. न्यूयॉर्कची गुन्हेगारी जेरीने कथा-पटकथांत वाचली होती, तशी ती त्याच्या घरी जेवूनही गेली होती.

१९७५मध्ये दिग्दर्शक बॉब फॉसीचं ‘शिकागो’ हे म्युझिकल आलं. ग्वेन व्हर्डन आणि चिता रिव्हेरा या दोन खुनी नायिका आणि त्यांना सोडवणारा चलाख वकील बिली फ्लिन म्हणजे जेरी. न्यायालय म्हणजे तमाशाचा फड आणि ज्युरी म्हणजे टाळ्या वाजवणारा प्रेक्षक, असं उघडपणे म्हणणारं हे नाटक. ९३६ प्रयोग झाले, टोनीची अकरा नामांकनं मिळाली आणि पारितोषिक एकही नाही, कारण त्याच वर्षी समोर ‘अ कोरस लाइन’ हे गाजलेलं म्युझिकल उभं होतं. आज ‘शिकागो’ जगभर ठाऊक आहे ते १९९६च्या पुनरुज्जीवनामुळे आणि नंतरच्या चित्रपटामुळे. पण बिली फ्लिनचा साचा पहिल्यांदा घडवला तो जेरीने, आणि या गोष्टीचं श्रेय त्याला हवं तेवढं मिळालेलं नाही.

आणि मग २५ ऑगस्ट १९८०. विंटर गार्डन थिएटर, ‘फॉर्टी सेकंड स्ट्रीट’चा शुभारंभाचा प्रयोग. दिग्दर्शक पुन्हा गॉवर चॅम्पियन, निर्माता पुन्हा डेव्हिड मेरिक. जेरीची भूमिका ज्युलियन मार्श या नाट्यदिग्दर्शकाची; ऐन वेळी नायिका जायबंदी होते आणि तो कोरसमधल्या एका पोरीला स्टार बनवून रंगमंचावर पाठवतो. प्रयोग तुफान रंगला. टाळ्या थांबेनात. कलाकार ओळीने उभे राहून अभिवादन करत असताना मेरिक रंगमंचावर आला आणि ही दुःखाची घडी आहे असं म्हणाला. मेरिक प्रसिद्धीच्या क्लृप्त्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे लोक हसले. तेव्हा त्याने सांगितलं की गॉवर चॅम्पियनचं त्याच दिवशी निधन झालंय. त्याने ही बातमी दिवसभर दाबून ठेवली होती. नटनट्यांना ती कळली ती त्या क्षणी, प्रेक्षकांसमोर, मेकअपमध्ये. कुणी रडू लागलं, कुणी जागीच थिजलं. जेरीने आवाज देऊन पडदा पाडायला सांगितला. ज्या माणसाने आपल्याला ब्रॉडवेवर आणलं तो गेल्याचं कळल्यावर पुढच्याच क्षणी त्याला सुचलं ते हे, की या पोरांना लोकांच्या नजरेआड न्यायला हवं. त्याच्याविषयी मी जे काही वाचलंय त्यात हा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो.

ते नाटक ३,४८६ प्रयोग चाललं. जेरीचं मात्र हे ब्रॉडवेवरचं शेवटचं काम ठरलं. १९८१मध्येच सिडनी ल्युमेटच्या ‘प्रिन्स ऑफ द सिटी’ या चित्रपटात त्याने गस लेव्ही हा न्यूयॉर्कचा पोलीस केला होता आणि गाणाऱ्या नटाच्या आत एक खमका, शहराचा माणूस बसलाय हे लोकांना दिसलं होतं. ‘मर्डर, शी रोट’मधून निघालेली हॅरी मॅग्रॉ या खासगी गुप्तहेराची मालिका एका मोसमात आटोपली. ‘डर्टी डान्सिंग’मधले डॉक्टर वडील, १९९१च्या ‘ब्युटी अँड द बीस्ट’ या अ‍ॅनिमेशनपटातल्या बोलक्या मेणबत्तीदानाचा फ्रेंच ढंगाचा आवाज, अशी कामं चालू होती.

‘लॉ अँड ऑर्डर’ १९९०मध्ये सुरू झालं होतं. मालिकेचा जनक डिक वुल्फ याची रचना सोपी होती: तासाच्या पहिल्या अर्ध्या भागात पोलीस तपास, दुसऱ्या अर्ध्यात सरकारी वकील आणि खटला. मालिकेचं चित्रीकरण न्यूयॉर्कमध्ये व्हायचं, खऱ्या रस्त्यांवर, खऱ्या थंडीत. दुसऱ्या मोसमात जेरी एका भागापुरता बचाव पक्षाचा वकील म्हणून येऊन गेला. तिसऱ्या मोसमात ज्येष्ठ डिटेक्टिव्हचं काम करणारा पॉल सॉर्विनो मालिका सोडून गेला; लांबलचक दिवस आणि उघड्यावरचं चित्रीकरण यांत आपला ऑपेराचा आवाज जाईल ही त्याला धास्ती होती. त्याच्या जागी आला तोही गायकच. पण जेरीला याच रस्त्यांवर राहायचं होतं. गस लेव्हीच्या वळणावर ब्रिस्को रचला गेला: दोनदा घटस्फोट, दारू सोडलेली, मुलींशी बिनसलेलं. पुढे या ब्रिस्कोची एक मुलगी अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या हातून मारली जाते तेव्हाही जेरी फार रडारड करत नाही, नुसता थोडा सावकाश बोलू लागतो.

या मालिकेने न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर केलेले उपकार वेगळेच आहेत. त्या काळी टीव्हीचं काम हवं असेल तर नटाने लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवायचं अशी रीत होती. इथे दर आठवड्याला साक्षीदार, दरवान, शेजारी, वकील, न्यायाधीश अशी ढीगभर छोटी कामं मॅनहॅटनमध्येच मिळू लागली. दिवसा एक साक्ष देऊन यायचं आणि रात्री प्रयोगाला उभं राहायचं. नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेत नटाच्या परिचयात ‘लॉ अँड ऑर्डर’चं नाव नसेल तरच नवल, अशी स्थिती झाली. नेहमीच्या चमूतही एस. एपाथा मर्कर्सन, सॅम वॉटरस्टन, ‘रेंट’ या म्युझिकलमधून आलेला जेसी एल. मार्टिन, सगळे रंगभूमीचेच. त्या घोळक्यात जेरी घरच्या वडीलधाऱ्यासारखा होता.

आठव्या अ‍ॅव्हेन्यूजवळ ५३व्या रस्त्यावर, थिएटरांपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर तो दुसरी पत्नी एलेनसोबत राहायचा. ती मूळची ब्रॉडवेची नर्तिका. चित्रीकरणाला पहाटे निघताना तो रोज तिच्यासाठी चार ओळींची कविता लिहून तिच्या कॉफीच्या कपापाशी ठेवायचा. एलेनने त्या जपून ठेवल्या, आणि पुढे त्यांचं पुस्तक झालं.

१९९४पासून त्याला प्रोस्टेटचा कर्करोग होता. दहा वर्षं उपचार आणि चित्रीकरण बरोबरीने चाललं. प्रेक्षकांना त्याचा पत्ता लागला नाही. २७०हून अधिक भाग करून २००४मध्ये ब्रिस्को मूळ मालिकेतून निवृत्त झाला आणि ‘ट्रायल बाय ज्युरी’ या नव्या उपमालिकेत गेला. तिचं प्रसारण सुरू होण्याआधीच, २८ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या ६९व्या वर्षी जेरी गेला. दुसऱ्या दिवशी ब्रॉडवेच्या थिएटरांनी बाहेरचे दिवे मंद केले. काही आठवड्यांनी स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड या पडद्यावरच्या नटांच्या संघटनेचं सर्वोत्तम अभिनेत्याचं पारितोषिक त्याला मरणोत्तर मिळालं. टीव्हीसाठीचं एमी पारितोषिक मात्र तीन नामांकनं होऊनही कधीच मिळालं नाही.

त्याची नजर शेवटपर्यंत उत्तम होती आणि नेत्रदानाची त्याची इच्छा होती. दोन न्यूयॉर्ककरांना त्यातून दृष्टी मिळाली, आणि शहराच्या नेत्रपेढीने पुढे त्याचंच छायाचित्र वापरून नेत्रदानाची मोहीम चालवली. २००७मध्ये ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्याला जेरी ऑरबॅक वे हे नाव मिळालं. त्याच वर्षी ५०व्या रस्त्यावरच्या एका छोट्या नाट्यगृहालाही त्याचं नाव दिलं गेलं. तिथे तेव्हा ‘द फँटास्टिक्स’चं पुनरुज्जीवन चालू होतं, आणि ते २०१७पर्यंत चाललं.