पावसाळाभर उभी राहिलेली गाडी आणि इंजिनचा पिवळा दिवा

जूनमध्ये ताडपत्री घालून गावी ठेवलेली गाडी दिवाळीला बाहेर काढली, की बऱ्याचदा इंजिनचा पिवळा दिवा विझत नाही. चावी फिरवल्यावर तो लागायलाच हवा. इंजिन चालू झाल्यावरही राहिला तर बिघाड समजावा.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट ओढत असेल, तर सावकाश गॅरेजपर्यंत आणा. लुकलुकत असेल तर चालवू नका. इंजिन मिसिंग करत असतं, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट जळत नाही; न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळते. त्या खर्चापुढे टोइंगचं भाडं काहीच नाही.

दिवा घालवायला बॅटरीची वायर काढू नका. पुष्कळ गाड्यांत त्याने कोड (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक) पुसला जातो आणि बिघाडाच्या क्षणी किती आरपीएम, किती तापमान होतं ही नोंदही जाते. मग आम्हा मेकॅनिकांना अंधारात चाचपडावं लागतं.

आम्ही आधी बॅटरी मोजतो. उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं, तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा कोड एकदम येऊ शकतात. अशा वेळी बॅटरी चार्ज करून, टर्मिनल घासून कोड उडवायचे आणि कोणते परत येतात ते पाहायचं. सेन्सरला हात लावायचा नाही.

एकच कोड हटून बसला तर बहुतेकदा उंदराने वायर कुरतडलेली असते. कोड बिघडलेलं सर्किट सांगतो, बिघडलेला पार्ट नाही. उदाहरणार्थ पी०११३: आत येणाऱ्या हवेच्या तापमानाचा सेन्सर. कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर ऐन ऑक्टोबरात उणे ४० अंश दिसतात! रत्नागिरीत एवढी थंडी पडत नाही. वायर तुटली आहे किंवा कपलर (वायरींचा जोड) सुटला आहे. वायर जोडून, सोल्डर करून, स्लीव्ह चढवली की काम होतं. नवा सेन्सर बसवून दिवा तसाच राहतो. इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीही अशाच कुरतडल्या जातात. एअर फिल्टरचं झाकण उघडून पाहा, आत चिंध्यांचं घरटं सापडतं. कपलरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. उंदीर येऊ नयेत म्हणून बोनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवणारे बरेच आहेत; आमचा भरवसा आठवड्याला बोनेट उघडण्यावर जास्त.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल शोषतं. नमुना काचेच्या बाटलीत तासभर ठेवल्यावर तळाशी वेगळा थर दिसला तर वर नवं पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी रिकामी करावी लागते. डिझेल गाडीत फिल्टरमधलं पाणी काढावं.

दुरुस्तीनंतर कोड उडवला नाही तरी सलग तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही, की दिवा आपोआप विझतो. फेरी म्हणजे थंड इंजिन चालू करून, गाडी पुरेशी चालवून बंद करणं; नुसती चावी फिरवणं नव्हे.

गाडी आणताना कधीपासून उभी होती, टाकीत किती पेट्रोल होतं आणि जम्प स्टार्ट दिला होता का, एवढं सांगा.