थंड इंजिनाला आधी हात लावा

होडीचं जुनं डिझेल इंजिन बघायला जाताना विकणाऱ्याला एकच निरोप द्यायचा: आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोहोचल्यावर बोलणं सुरू होण्याआधी ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या मुख्य धडाला, तळहात लावायचा. तो कोमट लागला तर पेपर फुटलेला आहे असं समजा. थंड इंजिन पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत जे सांगतं, ते गरम झाल्यावर सांगत नाही.

याचं कारण डिझेलच्या पेटण्यात आहे. या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा साधारण सोळा पट दाबतो आणि नुसत्या दाबण्याने ती तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा एवढी दाबली की ५२५ अंशांच्या आसपास जाते. डिझेल आपोआप पेटायला खरं तर २५० अंशही पुरतात, पण इथे फवारा आत पडल्यावर सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पेटायला हवा, म्हणून वरचे अंश लागतात. पिस्टनवरच्या रिंगा झिजल्या, लाइनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजून मोठा झाला किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसला की दाबलेली हवा निसटते आणि तापमान कमी पडतं. ब्लॉक गरम असेल तर तोच ही कमतरता भरून काढतो. थंड असेल तर उणीव उघडी पडते.

आपल्याकडे यात एक गोची आहे. थंड मुलखात शून्य अंशाची हवा तेवढीच दाबली तर जेमतेम साडेचारशेपर्यंत जाते, त्यामुळे तिकडे दमलेलं इंजिन सकाळी लगेच पकडलं जातं. मिरकरवाडा, हर्णै किंवा मालिमसारख्या आपल्या बंदरांत हवाच उबदार असते. इथे बऱ्यापैकी झिजलेलं इंजिनही उठतं. म्हणून ‘चालू झालं’ याला कोकणात फारशी किंमत नाही. किती फेऱ्यांत उठलं ते मोजा. पहाटे, चांगल्या चार्ज केलेल्या बॅटरीवर, दोन-तीन सेकंदांत उठलं तर ठीक. दहा-बारा सेकंद स्टार्टर फिरवावा लागला तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब) किंवा डिझेलचा पुरवठा यांपैकी एक बिघडलंय. बॅटरी मात्र दमदार हवी. इंजिन सावकाश फिरलं तर हवेला निसटायला आणि गार व्हायला वेळ मिळतो आणि चांगलं इंजिनही बदनाम होतं. एअर क्लीनरजवळ पेट्रोलचं फडकं किंवा ईथरचा डबा दिसला, तर इंजिन रोज कसं उठवतात ते विचारायचीही गरज नाही. ईथर वेळेआधी भडकतं आणि त्या धक्क्याने रिंगा तुटतात.

चालू करण्याआधी आणखी एक काम. स्टार्टरला हात लावायच्या आत क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून बघा. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) दांडी असेल तर ओढून, नसेल तर जोर लावून. ते कुठे अडकलं तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी स्टार्टर मारला तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग तेल. डिपस्टिक रात्रभर बंद असलेल्या इंजिनाची बघायची. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर खूश होऊ नका. तेल आपणहून वाढत नाही. आत डिझेल तरी उतरलंय, नाहीतर पाणी. डिझेल असेल तर वास येतो आणि तेल पातळ लागतं. पाणी घुसळलं गेलं असेल तर तेल दुधाळ, ताकासारखं दिसतं. पण विकणाऱ्याने आदल्या दिवशी तेल बदललं असेल तर यातलं काहीच दिसणार नाही. अशा वेळी डिपस्टिकच्या भोकातून बारीक नळी तळापर्यंत सोडून हातपंपाने थोडं तेल ओढा. पाणी जड, ते तळाशीच सापडतं. शंका राहिली तर तवा चांगला तापवा, आचेवरून बाजूला घ्या आणि त्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाका. पाण्याचा अंश असेल तर तडतडतं. फोडणीत ओली मिरची पडावी तसं.

पाणी सापडलं की ते गोडं की खारं हा पुढचा प्रश्न, आणि किमतीवर सगळ्यात मोठा फरक यानेच पडतो. कूलंटच्या टाकीतली पातळी उतरत असेल तर पाणी बहुधा गोडं आहे. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधली पट्टी) गेली असेल, लाइनरच्या रबरी ओ-रिंगा गळत असतील किंवा हेडला तडा असेल. पातळी जिथल्या तिथे असून तेलात पाणी असेल तर संशय ऑइल कूलरवर. त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने समुद्राचं पाणी फिरतं. इंजिन चालू असताना तेलाचा दाब जास्त असतो, म्हणून तेल बाहेर जातं. बंद केलं की पाणी आत येतं. गोड्या पाण्यावर लगेच उपाय केला तर इंजिन वाचतं. खाऱ्या पाण्यात क्रँक महिनाभर उभा राहिला तर त्याच्या गुळगुळीत जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागावर, खड्डे पडतात आणि तो ग्राइंडिंगला न्यावाच लागतो.

क्रँकचं ग्राइंडिंग अमर्याद होत नाही. साधारण दहा थाऊच्या पायऱ्या असतात: दहा, वीस, तीस, चाळीस. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. बहुतेक इंजिनांत चाळीसनंतर दुसरा क्रँक शोधायचा. आत्ता कितीवर आहे हे तोंडी विचारू नका. संपाची (खालच्या तेलाच्या टाकीची) बाजूची झाकणं काढता येत असतील तर एक बिगएंड, म्हणजे कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक, उघडून बेअरिंगची पाठ बघा. तिथे ०१० किंवा ०.२५ असा आकडा ठोकलेला असतो. ०४० दिसला तर या इंजिनाचा शेवटचा डाव चालू आहे.

समुद्रावर इंजिनं नुसती झिजून मरत नाहीत, पाण्यामुळेही मरतात, आणि त्यातली बरीचशी बंद असताना. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होडी वर ओढलेली, इंजिन गप्प आणि हवेत मीठ आणि ओल. बंद इंजिनात एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नेमका उघडा राहिलेला असतो. धुराड्यातून ओली हवा आत जाते आणि लाइनरवर, पिस्टन थांबला असेल त्या जागी गंजाची गोल रेघ उमटते. पुढच्या हंगामात तीच रेघ रिंगा खाते. म्हणून गेला पावसाळा इंजिनाने कसा काढला हे विचारा. धुराड्याचं तोंड बांधलं होतं का? आठवड्याला क्रँक हाताने फिरवत होते का? एअर क्लीनर काढून मॅनिफोल्डच्या तोंडात टॉर्च मारली तरी गंजाचा अंदाज येतो.

समुद्राच्या पाण्याने कूलंट गार करणारा हीट एक्स्चेंजरही उघडून बघा, वेळ फार लागत नाही. त्याच्या टोपीत जस्ताची कांडी असते. खारं पाणी आणि वेगवेगळे धातू एकत्र आले की एक छोटी बॅटरीच तयार होते आणि त्यातला सगळ्यात चटकन गंजणारा धातू आधी विरघळतो. तो जस्त असावा म्हणून ती कांडी. अर्धी खाल्लेली कांडी दिसली तर देखभाल चालू आहे. नुसता पितळी बोल्ट उरला असेल तर कांडी संपल्यावर पाण्याने दुसरं काहीतरी खाल्लं आहे. पितळेच्या भागांवर चाकूच्या टोकाने हलका ओरखडा काढा. आत पिवळं चमकलं तर पितळ शाबूत. गुलाबी, तांब्यासारखं दिसलं तर त्यातलं जस्त निघून गेलंय आणि उरलाय तो तांब्याचा स्पंज. असा नळ हाताने पिळला तरी मोडतो. नव्या रंगाखाली कडेकडेने पांढरे मिठाचे फोड दिसले तर रंग कशासाठी मारला तेही कळतं.

आता इंजिन चालू झालंय. ऑइल प्रेशर बघा. गरम इंजिनाला आयडलवर निदान एक बार आणि चालीत तीन ते चार बार ही ढोबळ अपेक्षा. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातला धरा. ऑइल फिलरची टोपी उलटी करून नुसती ठेवा. ती जागेवर थरथरली तर चालेल. उडून पडली किंवा तिथून धुराचे लोट आले तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांच्या कडेने खाली उतरतोय. हे लाइनर-पिस्टन किटचं काम. मोठा खर्च.

धुराचा रंग सगळेच बघतात, पण अर्थ बरेचदा उलटा लावतात. काळ्या धुराने लोक घाबरतात. खरं तर तीन रंगांत तो सगळ्यात स्वस्तात सुटणारा. हवेच्या मानाने डिझेल जास्त झालं एवढंच तो सांगतो: एअर क्लीनर तुंबलाय, डिझेल फवारणारा नोझल ठिबकतोय किंवा होडीचा पंखा (प्रोपेलर) इंजिनाला जड आहे. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. दहा मिनिटं आयडलवर ठेवून मग रेस दिल्यावर निळा भपका आला आणि गेला तर व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीभोवतीची बुशं, झिजलीत. लोडवर सतत निळा असेल तर रिंगा. पांढरा धूर थंडीत मिनिटभर चालतो. तो टिकला आणि डोळ्यांना झोंबला तर न जळलेलं डिझेल. झोंबत नाही, पण कूलंट कमी होतोय, तर वाफ.

कोणता सिलिंडर आळशी आहे हे बघायला मेकॅनिक एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करतात. आवाज आणि आरपीएम पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काही फरक पडला नाही तर तोच चोर. नटावर जाड फडकं आणि डोळ्यांवर चष्मा हवा. तिथे दोनशे बारच्या आसपास दाब असतो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. नोझल वाईट असेल तर खर्च थोडा, कॉम्प्रेशन वाईट असेल तर मोठा. म्हणून त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय किंमत बोलू नये. आकड्यापेक्षा सगळे सिलिंडर एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत असणं महत्त्वाचं. पेट्रोल इंजिनासारखं तेल ओतून परत मोजायची युक्ती इथे फसवते. डिझेलमध्ये पिस्टनच्या वरची जागा इतकी थोडी असते की ओतलेलं तेलच ती व्यापतं आणि आकडा खोटा वाढतो.

बंदरात उभ्या होडीवर इंजिन घुमवून दाखवतात, त्याने काहीही सिद्ध होत नाही. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २,००० आरपीएमचं इंजिन १,६०० वर चालवलं तर पंखा जेमतेम निम्मी ताकद मागतो. आजारी इंजिनही तेवढी देतं. समुद्रात नेऊन पूर्ण थ्रॉटल द्यायला हवा. २,००० ऐवजी १,७५० वरच अडकलं आणि पंखा मुळात बरोबर मापाचा असेल तर इंजिन सुमारे दोन तृतीयांश ताकदच देतंय. होडीच्या बुडाला शेवाळ किंवा कवचाचे समुद्री जीव चिकटलेले नाहीत ना, पंख्याला जाळं गुंडाळलेलं नाही ना, हे आधी बघा. निदान तासभर चालवा. तापमान ७५ ते ८५ अंशांत स्थिरावलं पाहिजे. चढतच राहिलं तर एक्स्चेंजर तुंबलाय किंवा गॅस्केट गळतेय. टाकीत बुडबुडे येत असतील तर बहुधा गॅस्केटच. इंजिन होडीतून उतरवून अंगणात ठेवलेलं असेल तर ही परीक्षा घेताच येत नाही. तेवढी किंमत खाली यायला हवी, मग विकणारा कितीही रुसो.

ट्रकमधून काढून होडीत बसवलेली इंजिनं या परीक्षेत जास्त पडतात. ट्रक चढावर दमतो, उतारावर श्वास घेतो. होडीचं इंजिन म्हणजे दिवसभर कशेडी घाट चढणारा ट्रक. शिवाय शाफ्टच्या रेषेत बसवताना ते मागे कललेलं असतं. संप आणि ऑइल पंपाची जाळी त्या कलाला जुळवून घेतलेली नसेल तर तेल एका टोकाला साचतं. आणि पाटीवरच्या आकड्याने भुलू नका. अशोक लेलँडच्या जुन्या ४०० इंजिनातले ४०० हे घनइंच आहेत, म्हणजे साडेसहा लिटर. अश्वशक्ती नव्हे. गिअरबॉक्सची किंमत वेगळी धरा. त्याचं तेल काळं आणि करपल्या वासाचं असेल तर क्लच प्लेटा घसरताहेत.

इंजिन किती तास चाललं याचं मीटर बहुधा बंद असतं. त्याऐवजी डिझेलची वही मागा. मच्छीमार सोसायटीतून उचललेल्या डिझेलची नोंद सापडते. डिझेल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण ०.२ लिटर पितं. सरासरी ६० अश्वशक्ती वापरणारं इंजिन तासाला १२ लिटर. वर्षाला २४,००० लिटर उचललं असेल तर २,००० तास. ऑइलही त्याच वहीतून कळतं: बदलाचं सोडून वरून टाकलेलं ऑइल डिझेलच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत चालेल, एक टक्का झालं तर रिंगा गेल्यात.

हेच आकडे किमतीलाही लागतात. इंजिन दहा टक्के जास्त पीत असेल तर वर्षाला २,४०० लिटर, लिटरला ९० रुपये धरले तर २,१६,००० रुपये. स्वस्तात मिळालेलं वाईट इंजिन पहिल्याच हंगामात वाचवलेले पैसे परत घेऊन जातं. म्हणून हिशेब उलटा मांडा. असंच इंजिन पूर्ण बांधून, हमीसह, समजा ४,००,००० ला मिळतं. तुम्ही बघितलेल्याला किट, क्रँक ग्राइंडिंग, पंप-नोझल आणि मजुरी मिळून १,६०,००० लागतील. उघडल्यावर निघणाऱ्या नव्या दुखण्यांसाठी त्याच्या पाव पट, ४०,०००. उरले दोन लाख, हीच तुमची वरची मर्यादा. खालची मर्यादा भंगाराची: सहा सिलिंडरचं इंजिन साधारण अर्धा टन बिडाचं असतं. त्या दिवशीचा दर विचारा, आणि तांब्या-पितळेचा दर वेगळा लावा. शेवटी ब्लॉकवर ठोकलेला नंबर मत्स्यव्यवसाय खात्याच्या नोंदीशी ताडून पाहा. जुळत नसेल तर होडीच्या कागदांवर ते इंजिन चढवताना अडतं, आणि मग भंगाराच्या दराशिवाय दुसरा दर बोलू नका.