एकीलाच ठाऊक असलेली गोष्ट

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आमच्या विभागातील लहान खोलीत वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाचे आठ विद्यार्थी टेबलाभोवती बसले होते आणि त्यांच्यापुढे मी बेतलेली एक केस होती. दोडामार्ग तालुक्यातील पस्तिशीचा पुरुष, पाच दिवस सणकून ताप, असह्य डोकेदुखी, अंगदुखी, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी. कागदाच्या तळाशी रुग्णाच्या तोंडी मी एक मालवणी वाक्य घातले होते: "ताप येवच्या आदी काजीत गेल्लंय."

चाळीस मिनिटे चर्चा रंगली. डेंग्यू, मलेरिया आणि लेप्टो या तीन आजारांभोवतीच ती फिरत राहिली, कारण हे तीन आजार आठही जणांनी वाचलेले होते. कोकण म्हटले की लेप्टो, हे समीकरण तर मुले पहिल्या वर्षापासूनच पाठ करतात. इथला लेप्टो भातलावणीच्या चिखलाबरोबर, उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येतो आणि फेब्रुवारीत इथले बहुतेक मळे कोरडे ठणठणीत असतात, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शेवटी डेंग्यूवर एकमत झाले.

तास संपल्यावर देवगडकडची एक मुलगी व्हरांड्यात माझ्याजवळ आली. "मॅडम, काजीत म्हणजे काजूच्या बागेत. मला वाटलं, सगळ्यांना कळलंच असेल." त्याच गटात कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याचा एक मुलगा होता. 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार, हा शब्द तो लहानपणापासून घरी ऐकत आला होता. मात्र 'काजी' हे त्याला गावाचे नाव वाटले होते. निदानाचे दोन तुकडे एकाच टेबलाच्या दोन टोकांना होते आणि ते एकमेकांना भेटलेच नाहीत. गट मी चालवत होते, त्यामुळे ही चूक मी माझीच मानते.

केसमधला आजार होता हाच माकडताप. त्याचा विषाणू १९५७ साली शिवमोग्गा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम सापडला. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात या आजाराची साथ आली आणि तेव्हापासून सिंधुदुर्गातील डॉक्टरांना उन्हाळी तापाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. हा विषाणू गोचिडीतून पसरतो. गोचिडीची अर्धवाढ झालेली पिल्ले पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत पाचोळ्यात सर्वाधिक वळवळत असतात आणि एखादे माकड या आजाराने मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी नव्या आश्रयाच्या शोधात आसपास पसरतात. काजूचा हंगामही नेमका याच दिवसांतला. पिकलेले बोंडू बीसकट खाली पडते आणि माणसे झाडाखाली ओणवी होऊन पाचोळ्यातून बी वेचतात. त्यामुळे 'काजीत गेल्लंय' या दोन शब्दांत ऋतू, जागा आणि गोचिडीशी आलेला संबंध, असे सगळेच आले होते.

गटचर्चेत असे का घडते, याचा अभ्यास अमेरिकेतील गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ साली प्रसिद्ध केला. त्यांनी चार-चार विद्यार्थ्यांच्या गटांना तीन काल्पनिक उमेदवारांतून एकाची निवड करण्यास सांगितले. काही गटांत सर्वांना सगळी माहिती दिली, तर काही गटांत सर्वोत्तम उमेदवाराचे गुण चौघांत विखरून ठेवले. चौघांनी आपापले तुकडे एकत्र केले असते, तर योग्य उमेदवार सहज दिसला असता. पण विखुरलेल्या माहितीच्या गटांनी बहुधा चुकीचीच निवड केली, कारण त्यांची चर्चा सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींवरच घुटमळत राहिली.

यामागे साधे गणितही आहे. समजा, ठाऊक असलेली एखादी गोष्ट चर्चेत बोलून दाखवण्याची शक्यता प्रत्येकाच्या बाबतीत ३० टक्के आहे. मग आठही जणांना ठाऊक असलेली गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या तोंडून बाहेर पडण्याची शक्यता सुमारे ९४ टक्के होते, आणि एकीलाच ठाऊक असलेली गोष्ट मात्र ३० टक्क्यांवरच राहते. त्यात माणसाचा स्वभाव भर घालतो. सर्वांना माहीत असलेले बोलले की माना डोलतात आणि बोलणारा हुशार ठरतो. कोणीच न ऐकलेले बोलले की क्षणभर शांतता पसरते आणि त्या शांततेत बोलणाऱ्याचा धीर खचतो.

डॉक्टरही याला अपवाद नाहीत. जेम्स लार्सन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली एक रेसिडेंट, एक इंटर्न आणि तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी अशा तिघांच्या गटांना रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. काही माहिती तिघांनाही दिसत होती, काही फक्त एकालाच. निदान ठरवताना सामाईक माहिती आधी आणि अधिक प्रमाणात चर्चेत आली.

म्हणूनच 'वेगवेगळ्या प्रांतांची मुले एकत्र बसली की शिक्षण आपोआप समृद्ध होते' हे विधान मला अपुरे वाटते. गटात जितके वैविध्य, तितक्या एकेकट्यालाच ठाऊक असलेल्या गोष्टी अधिक, आणि म्हणून वाया जाण्यासारखेही तितकेच अधिक. कोकणात हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही ठिकाणी गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली असून शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या मराठी मुलांनाही मालवणी नवीच असते.

लहान गटात, रुग्णाच्या समस्येपासून सुरुवात करून शिकण्याची पद्धत कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ साली सुरू केली आणि १९७४ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टने तिला पायऱ्यापायऱ्यांची शिस्त दिली. आपल्याकडे एमबीबीएसच्या २०१९च्या तुकडीपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने गटशिक्षणाला जागा दिली आणि पायाभूत वर्गात स्थानिक भाषेचे धडेही आणले. पण वरिष्ठांसमोर न बोलण्याची सवय वेळापत्रक बदलल्याने मोडत नाही. ॲमी एडमंडसन यांनी १९९६ साली रुग्णालयांतील औषधोपचारांतील चुकांचा अभ्यास केला, तेव्हा अधिक चांगल्या चालणाऱ्या पथकांत चुकांची नोंद अधिक आढळली. त्याचे एक कारण हे होते की तिथे चूक बोलून दाखवण्याची भीती नव्हती.

माझ्या अनुभवात सर्वांत मोठा अडसर भाषेचा आहे. चर्चा इंग्रजीत सुरू होते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलगी, जिला रुग्णाचे घर, काम आणि बोली सर्वांत जवळून ठाऊक असते, तीच गप्प बसते. रुग्णाविषयी जिला सर्वाधिक ठाऊक आहे तिचेच बोलणे सर्वांत कमी, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते.

त्या दिवसानंतर मी पद्धत बदलली. केस वाचून झाली की पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही. प्रत्येकाने चिठ्ठीवर, हव्या त्या भाषेत, आपल्याला सुचलेले लिहायचे. याला आधार आहे. एकेकटे विचार करून नंतर यादी एकत्र केली, तर एकत्र बसून बोलणाऱ्या तितक्याच माणसांपेक्षा अधिक कल्पना निघतात, हे येल विद्यापीठातील १९५८च्या प्रयोगात दिसले होते. पुढे १९८७ साली मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबं यांनी दाखवले की एक जण बोलत असताना इतरांना थांबावे लागते, हे त्यामागचे मोठे कारण आहे. दुसरा बदल असा, की कोणाला कशातले अधिक ठाऊक आहे हे मी सुरुवातीलाच सर्वांसमोर सांगते: हिच्याकडे बोली, त्याच्याकडे गुरे, तिच्याकडे मासेमारी. असे जाहीर केल्यावर विखुरलेली माहिती अधिक प्रमाणात चर्चेत येते, हे १९९५ साली स्टुअर्ट आणि स्टॅसर यांनी तपासून पाहिले होते. माझे मत मी शेवटी सांगते, आणि हे पाळणे मला अजूनही जड जाते.

पुढच्या तुकडीला मी तीच केस दिली. कणकवलीच्या एका मुलीच्या चिठ्ठीवर लिहिले होते, 'काजी – काजूची बाग. बी खालून वेचतात.' ती चिठ्ठी वाचून होताच राजस्थानचा, घरी गुरे असलेला एक मुलगा म्हणाला, "खाली पाचोळा असेल, तर तिथे गोचीडही असेल." पाच मिनिटांत गट माकडतापापर्यंत आला नाही, त्यासाठी त्यांना आणखी बराच वेळ लागला आणि पुस्तकेही उघडावी लागली. रुग्णाला पुढे काय विचारायचे याची यादी करताना मात्र 'बागेत किंवा रानात मेलेले माकड दिसले का?' हा प्रश्न फळ्यावर सर्वांत वर गेला. कणकवलीच्या मुलीने त्याच्याखाली तो मालवणीत लिहिला आणि बाकीचे सात जण तो मोठ्याने म्हणून पाहू लागले.