नाट्यगृहातला अंधार आणि पाव लक्सचा हिशेब

मोबाइलचा साडेसहा इंची स्क्रीन साधारण १५ सेंटिमीटर लांब आणि ७ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर पांढरं पान उघडलं आणि त्याची तेजस्विता दर चौरस मीटरला ४०० कँडेला (कँडेला हे दिव्याच्या तेजाचं एकक) असली, तर ४ मीटर मागे बसलेल्या प्रेक्षकाच्या डोळ्यावर सुमारे पाव लक्स उजेड पडतो. लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं एकक. निरभ्र आकाशात डोक्यावर आलेला पूर्ण चंद्रही जमिनीवर फार तर एवढाच उजेड पाडतो. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट. म्हणजे दोन रांगा मागे बसलेल्याच्या डोळ्यांत एकदम चार पौर्णिमा.

नाटक पाहताना नजर कशाने ढळते हे तपासायला ‘एक पौर्णिमा’ हे माप सोयीचं पडतं.

उजेड डोळ्यात शिरला की थोडा विखुरतो आणि साऱ्या दृश्यावर धुक्यासारखा पसरतो. या धुक्याचा अंदाज बांधायचं ढोबळ सूत्र असं: डोळ्यावर पडणारे लक्स गुणिले १०, भागिले कोनाचा वर्ग. कोन म्हणजे नजर आणि तो दिवा यांच्यातलं अंशांमधलं अंतर. रात्रीच्या प्रवेशात नटाच्या चेहऱ्याची तेजस्विता १ आणि मागच्या पडद्याची ०.२ कँडेला धरा, फरक पाचपट. आता २ मीटर पुढे कुणी फोन तोंडासमोर धरला आणि तो नजरेपासून ५ अंशांवर आला, तर दोन्हींत ०.४ ची भर पडते. उरतात १.४ आणि ०.६. पाचपट फरक जेमतेम सव्वादोन पटींवर येतो आणि चेहरा पडद्यात विरतो. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग गढूळ होत जातं, तेव्हा ज्येष्ठ प्रेक्षकांना हे धुकं अधिकच दाट दिसतं.

तोच फोन मांडीवर धरला तर कोन २० अंशांच्या आसपास जातो आणि धुकं नगण्य होतं. पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी दृष्टिपटलावर नेमक्या १५ ते २० अंशांच्या पट्ट्यात सर्वांत दाट असतात. शिवाय कडेची नजर बारकावे टिपण्यात कच्ची असली, तरी हालचाल आणि लुकलुक टिपण्यात तरबेज. स्क्रीन अचानक उजळला की सेकंदाच्या सुमारे दहाव्या हिस्स्यात लक्ष तिकडे ओढलं जातं. ते मनाच्या ताब्यात नसतं, त्यामुळे ‘तुम्ही तिकडे बघू नका’ हा सल्ला फुकाचा आहे. स्क्रीनचा उजेड अगदी कमी केला तर धुकं जातं, पण सरकणारी अक्षरं नजरेला टोचतच राहतात.

प्रेक्षकाला दोष देऊन झाला की रंगमंचाकडेही पाहावं. विंगेत काम करणाऱ्यांसाठी निळे दिवे लावायची पद्धत आहे. दंडपेशी ५०० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतात, म्हणून मंद निळ्या उजेडातही वाट दिसते. पण दंडपेशी प्रेक्षकालाही आहेत! विंगेबाहेर झिरपलेला निळा उजेड त्यालाही तितकाच ठळक दिसतो. म्हणून तो दिवा गुडघ्याच्या खाली, झाकण लावून, रंगमंचाकडे पाठ करून बसवायचा.

प्रोजेक्टरचा काळा रंगही काळा नसतो. १०,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचं माप) प्रोजेक्टर आणि २०००:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या आणि काळ्यातला फरक २००० पट असेल, तर ‘काळं’ दाखवतानाही ५ ल्युमेन बाहेर पडतात. २० चौरस मीटरच्या पडद्यावर ते पाव लक्स होतात. ब्लॅकआऊटमध्ये पडद्याच्या आकाराची पौर्णिमा. काळी स्लाइड टाकून हे मिटत नाही, लेन्सपुढे उजेड अडवणारं शटरच लागतं.

आरसे आणि तसबिरींच्या काचा हा वेगळाच त्रास. आरसा ५ अंश कलला की परावर्तित झोत १० अंश फिरतो, त्यामुळे वरच्या कडेमागे लाकडाची छोटी पाचर सरकवून झोत बहुधा प्रेक्षकांच्या डोळ्यांतून काढता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर काचेवर साबणाचा पातळ थर चोळावा.

हे सगळं शोधायला रंगीत तालमीनंतर पूर्ण ब्लॅकआऊट करून किमान १० मिनिटं बसावं लागतं. शंकुपेशी, म्हणजे भरपूर उजेडात रंग टिपणाऱ्या पेशी, तेवढ्या वेळात अंधाराला सरावतात आणि पुढे दंडपेशींचं राज्य सुरू होतं. पूर्ण सरावायला अर्धा तास जातो. पहिल्या मिनिटाला न दिसलेला ॲम्प्लिफायरचा हिरवा ठिपका दहाव्या मिनिटाला डोळ्यात घुसतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावावी, मात्र हवेची छिद्रं झाकू नयेत. बाहेर पडण्याच्या मार्गाचे दिवे कितीही खुपले तरी त्यांना हात लावायचा नाही. पहिल्या रांगेच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून विंगेत कोण दिसतं ते पाहावं. विंगेतल्या माणसासाठी नियम सोपा आहे: मला खुर्ची दिसते, तर खुर्चीतल्याला मी दिसतो. बाल्कनीतून मात्र पुन्हा वेगळी यादी निघते, कारण तिथून रंगमंचाची जमीन दिसते, आणि ती चकचकीत असेल तर झालरीमागे लपवलेले सगळे दिवे तिच्यात उलटे दिसतात.