नूडल्स एकाचे, कॉफी दुसऱ्याची

क्वालालंपूरच्या मॉलमधल्या फूड कोर्टात नवखा माणूस हमखास एका ठिकाणी अडखळतो. नूडल्सच्या स्टॉलवर कॉफी मागितली की स्टॉलवाला पलीकडच्या काउंटरकडे बोट दाखवतो. तिथे रांग वेगळी, पैसे वेगळे. एवढा मोठा स्टॉल मांडलाय तर एक कॉफीचं भांडं ठेवायला काय हरकत आहे, असं वाटतं. हरकत आहे, आणि ती मॉलपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

फूड कोर्टाच्या आधी होतं ते कोपितियाम, म्हणजे चिनी वस्तीतल्या दुमजली इमारतीच्या तळमजल्यावरचं कॉफीचं दुकान. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीला टाइल्स. आपल्या इराण्याची आठवण यावी असाच सगळा थाट. फरक होता तो धंद्याच्या मांडणीत. इराणी बनमस्क्यापासून खिम्यापर्यंत सगळं स्वतःच्या गल्ल्यावर विकायचा. कोपितियामचा मालक कॉफी, चहा, टोस्ट आणि अर्धी कच्ची उकडलेली अंडी एवढंच स्वतःकडे ठेवायचा आणि दुकानाच्या तोंडाशी दोन-चार गाड्यांना भाड्याने जागा द्यायचा. एका गाडीवर वोंटन मी, दुसरीवर करी मी, तिसरीवर ‘चार क्वे तियाव’, म्हणजे तांदळाचे परतलेले चपटे नूडल्स. (मी म्हणजे तिथे नूडल्स, मराठी माणसाला ऑर्डर देताना जरा चमत्कारिक वाटतं.) गाडीवाल्याच्या डोक्यावर छप्पर आलं, गिऱ्हाइकाला टेबल मिळालं आणि मालकाला भाड्याशिवाय प्रत्येक बशीमागे एक पेय खपवता आलं. खरी कमाई त्या पेयात. तेव्हा गाडीवाल्याने पेय विकायचं नाही, हे ओघानेच आलं. पेनांगमध्ये अजूनही काही दुकानांत पेय न घेता नुसतं बसलात तर जादा पैसे आकारतात.

हा मालक बहुतेक वेळा हैनानी असायचा, आणि त्याचं कारण म्हणजे त्याला झालेला उशीर. मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, चिन्यांमधल्या होक्कियन गटाच्या हातात व्यापार होता, कथिलाच्या खाणींत हक्का आणि कँटोनी हे दुसरे चिनी गट घट्ट बसलेले होते. दक्षिण चीनमधल्या हैनान बेटाचं हैकोऊ बंदर परदेशी व्यापाराला खुलं झालं ते १८७६ मध्ये. तिथली माणसं मोठ्या संख्येने येऊ लागली तोवर बऱ्या धंद्यांची वाटणी झालेली होती. उरलं होतं ते इंग्रजांच्या बंगल्यांतलं, बोटींवरचं आणि पलटणींतलं स्वयंपाकघर. हैनानी तिथे शिरले आणि साहेबाची न्याहारी बनवायला शिकले. पुढे १९३० च्या मंदीत रबर आणि कथिलाचे भाव कोसळले, जागांची भाडी उतरली, तेव्हा साठवलेल्या पैशातून किंवा भागीदारीत अनेकांनी दुकानं थाटली. साहेबाची न्याहारी बाजारात आली ती अशी. फक्त जॅमच्या जागी काया लागला: नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदान या सुगंधी झाडाची पानं आटवून केलेला. ताजं दूध त्या हवेत टिकत नव्हतं, दुभती जनावरंही फारशी नव्हती, म्हणून डब्यातलं गोड दूध. नेस्लेचा मलायातला धंदा १९१२ मध्ये पेनांगला सुरू झाला तो अँग्लो-स्विस कंडेन्स्ड मिल्क कंपनी या नावानेच.

कॉफीची गोष्ट जरा लांबून सुरू होते. १८६९ पासून सिलोनच्या मळ्यांवर तांबेरा पडला आणि काही वर्षांत तिथली कॉफी संपली. काही मळेवाले मलायात आले, सेलांगोरमध्ये लिबेरिका जातीची लागवड झाली. पण शतक संपता संपता ब्राझीलच्या मालाने भाव पाडले आणि मळेवाले रबराकडे वळले. कपात आली ती लिबेरिका आणि रोबस्टा: कडक, कडवट, स्वस्त. अशा बियांतून चव काढायची तर भाजणीतच काहीतरी करायला हवं. भाजत आलेल्या बियांवर साखर आणि मार्गारिन टाकतात. साखर वितळून काळी होते, बियांवर चढते, गार झाल्यावर त्याची कडक ढेप बनते. ती फोडून दळायची. पूड लांब कापडी पिशवीत घालून उकळतं पाणी ओतायचं, या भांड्यातून त्या भांड्यात फिरवायचं. कपाच्या तळाशी गोड दुधाचा थर आणि वर ही काळी धार. कथिलामुळे श्रीमंत झालेल्या इपोहमध्ये साखर वगळून नुसत्या मार्गारिनवर बिया फिकट भाजायची रीत पडली. तिलाच व्हाइट कॉफी म्हणतात. माझं मत विचाराल तर जुनी काळी कॉफीच बरी. व्हाइट कॉफी तोंडाला फार लवकर गोडमिट्ट होते.

नूडल्सवाले मात्र आधी फिरते होते. खांद्यावर कावड, नाहीतर ढकलगाडी. क्वालालंपूरच्या गल्ल्यांत पोऱ्या पुढे जाऊन बांबूच्या दोन चिपा ठोकायचा, म्हणून त्या नूडल्सना ‘टोक टोक मी’ नाव पडलं. त्याच शहरातल्या पेतालिंग स्ट्रीटवर १९२७ च्या सुमारास फुजियानहून आलेल्या ओंग किम लियान यांनी काळ्या सोया सॉसमधले जाड नूडल्स पहिल्यांदा केले असं सांगतात. कोळशाच्या धगीवर कढई, डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे, रस आटेपर्यंत झाकण, आणि बाजूला मिरचीची चटणी. या चटणीतलं बेलाचान कोकणी माणसाच्या नाकाला लगेच ओळखू येतं. आपल्या जवळ्याच्याच जातकुळीतली बारीक कोळंबी खारवून, वाळवून, कुटून ते करतात. पेनांगच्या आसाम लाक्सात, म्हणजे आंबट रश्शातल्या नूडल्समध्ये, आंबटपणासाठी जी वाळवलेली कापं पडतात, ती कोकमाच्या कुळातल्याच फळाची. तमिळ मुसलमानांनी तर चिन्यांचे पिवळे नूडल्स उचलून त्यात बटाटा, टोफू आणि तिखट-गोड रस्सा घातला. मामाक मी गोरेंग तो हाच (मामाक म्हणजे तिथले तमिळ मुसलमान, गोरेंग म्हणजे परतलेलं).

मॉल आले तेव्हा कोपितियामची मांडणी वातानुकूलित हॉलमध्ये गेली, पण वाटेत बरंच गळलं. मलय मुसलमान गिऱ्हाईक हवं तर डुक्कर चालत नाही, म्हणून चरबीच्या जागी कोंबडीचं नाहीतर साधं तेल आलं. कोळसा मॉलमध्ये पेटवता येत नाही, म्हणून गॅस. चार क्वे तियावची निम्मी चव या दोन गोष्टींत होती. ती नुसत्या सोया सॉसने भरून येत नाही. दुसरीकडे, ज्या दुकानांत मलय कुटुंबं पूर्वी पाऊल ठेवत नसत, त्यांची नवी आवृत्ती त्यांच्यासाठी उघडली. १९९९ मध्ये इपोहमध्ये झटपट कॉफीची पाकिटं विकण्यापासून सुरू झालेल्या ओल्डटाउन व्हाइट कॉफीने पुढे याच वाटेने देशभर कॅफे काढले.

शाकाहाऱ्यांनी एवढं पाहावं: भाज्यांच्या नूडल्समध्येही बेलाचान किंवा सुकी कोळंबी असू शकते, तेव्हा ऑर्डर देण्याआधी विचारलेलं बरं. कॉफीच्या काउंटरवर ‘कोपी’ म्हटलं की गोड दुधाची येते, ‘कोपी ओ’ म्हटलं की साखरेची काळी, आणि ‘कोसोंग’ जोडलं तर बिनसाखरेची. हा काउंटर बऱ्याच फूड कोर्टांत आजही जागा चालवणाराच स्वतःकडे ठेवतो; बाकीचे सगळे स्टॉल भाडेकरूंचे.